निकाल लागेपर्यंत

मिस्त्रीने आयुष्यात कितीतरी इमारती उभ्या केल्या, पण त्यातल्या एकाही गोष्टीकडे बोट दाखवून "ही मी केली" असं त्याला म्हणता येत नाही. तो सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा आणि प्लायचा जो साचा बांधतात आणि त्याला खालून टेकू देतात, ते त्याचं काम. काँक्रीट धरलं की साचा खोलायचा, खिळे उपटून डब्यात टाकायचे, फळ्या खरवडायच्या आणि पुढच्या इमारतीवर न्यायच्या. म्हणजे त्याचं काम नीट झालं असं ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी ते तिथे शिल्लक नसतं. असल्या धंद्यात माणूस एक तर संत होतो, नाहीतर हेकट. मिस्त्री संत झाला नाही.

त्याच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी ऐकाव्या लागत. एक, ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करायचं, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. दुसरी, जे उद्या काढायचंय त्यात खिळा पूर्ण ठोकायचा नाही. डोकं थोडं बाहेर ठेवायचं, म्हणजे उपटताना लाकूड फाटत नाही. कामावर हे दोन्ही नियम शंभर नंबरी. घोटाळा एवढाच झाला, की हा गडी तेच दोन नियम घेऊन कोर्टात गेला.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. बोलकी बाई. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी. आणि हा असा, की "जेवलात का?" या प्रश्नाला मान हलवून उत्तर द्यायचा आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते समोरच्याने ओळखायचं. अकरा वर्षं संसार झाला. भांडण नेमकं कशावरून पेटलं हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही. एकदा ती म्हणाली, "मला भिंतीशी संसार करायचा नाहीये." त्यावर हा म्हणाला, "मग भिंत पाड." त्याच्या हिशेबी तो विनोद होता. अकरा वर्षांत त्याने केलेला कदाचित एकुलता एक. तिला तो विनोद वाटला नाही.

तो हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडला आणि तिने घटस्फोटाचा अर्ज केला. मिस्त्रीची थोरली बहीण, तिला सगळे ताईच म्हणत, ती धावत आली. "अरे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मी कुठे चढतोय? मला बोलावलंय," तो म्हणाला.

दोघांना एकच मुलगी. तेव्हा सहा वर्षांची. घरात तिला खारू म्हणत, कारण तिचा स्वभावच खारीचा. रस्त्यात दिसेल ते खिशात आणि खिशातलं घरभर दडवलेलं. उशीखाली बटणं, खिडकीच्या खाचेत नट, डब्यांच्या मागे चष्म्याच्या तुटक्या काड्या. बाप कामावरून आला की त्याच्या खिशात हात घालून एखादा वाकडा खिळा हस्तगत करायची आणि तो कुठे ठेवला हे त्याला ओळखायला लावायची. घर सोडताना मिस्त्रीला एकाच गोष्टीची हाय लागली होती, आणि ती म्हणजे ही पोर. दावा काय व्हायचा तो होवो, तिचे अर्धे दिवस आपल्याकडे यावेत, एवढंच त्याला हवं होतं. बाकी कशासाठी तो भांडलाच नाही.

पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश झाला. न्यायाधीशबाईंनी दहा मिनिटं दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगून टाकलं. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील. एक शनिवार सोडून एक शनिवार, सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ती वडिलांकडे राहील. वडिलांनी तिच्या राहण्याची योग्य सोय करावी. दोघांची संमती असेल तर भेटी वाढवता येतील.

बाहेर व्हरांड्यात मिस्त्रीचा चेहरा पडलेला पाहून त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मनाला लावून घेऊ नका. हा तात्पुरता आदेश आहे, निकाल लागेपर्यंतचा. मूळ दाव्यात आपण अर्धे दिवस मागितलेत, ते पुढे चालेल."

बाईंनी धीर द्यायला म्हणून सांगितलं. मिस्त्रीने त्यातलं "तात्पुरता" तेवढं उचललं आणि गाठीला बांधलं. आदेशाची नक्कल त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घातली, साइटवरचं ड्रॉइंग जपावं तशी.

काचेच्या दुकानावरची एक खोली त्याने भाड्याने घेतली. खालून दिवसभर काच कापल्याचा आवाज यायचा. खोलीत एक गादी, एक शेगडी, कपड्यांसाठी ताणलेली दोरी आणि एक खुर्ची. सुताराचा हात असलेल्या माणसाच्या घरात भिंतीला एक फळी म्हणून नव्हती. खारू आली की गादी तिला, आणि हा साइटवरून आणलेल्या प्लायवर चादर टाकून. पहिल्या शनिवारी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, माझे कपडे कुठे ठेवू?"

"पिशवीतच असू दे गं. उद्या परत न्यायचेच आहेत."

किती साधेपणाने बोलला तो हे. ते वाक्य आठवलं की आजही त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ताई महिन्याभराने आली, तिने खोली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे, पोरीसाठी एक फडताळ तरी ठोक. दुसऱ्यांची छपरं बांधतोस ना?"

"निकाल लागला की पक्कं घर घेणार आहे. तिथे सगळं करतो. इथे भिंतीला हात लावला तर मालक ओरडेल."

मालकाने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भिंतीचं काय वाट्टेल ते करा, माझे गुडघे दुखतात, मी वर यायचा नाही. पण मिस्त्रीला सबब हवी होती, आणि सबबीला मालक बरा असतो.

त्याची माया कमी होती असं कोणी म्हणू नये. त्या दोन दिवसांत तो पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. बागेत न्यायचा, तळ्यात होडीत बसवायचा, ती म्हणेल ते खायला घालायचा. रविवारी साडेपाचलाच तिची पिशवी भरून दाराशी ठेवायचा, कारण आदेशात सहा लिहिलं होतं, आणि सहाला पाच कमी असताना ती आईच्या दारात उभी असायची. इतका चोख बाप कोर्टाने क्वचित पाहिला असेल. पण चोख असणं आणि जवळ असणं यात फरक असतो, हे त्याला सांगणार कोण? सांगणारीला तर त्याने आधीच भिंत पाडायला सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. तारीख होती, ती नेहमीप्रमाणे पुढे गेली, आणि कोर्टाच्या जिन्यात बायकोने त्याला गाठलं. वकील पुढे निघून गेले होते.

"ऐका जरा," ती म्हणाली. "बुधवारी मला दुकानात उशीर होतो. खारूला पोहण्याच्या क्लासहून आणायला कोणी नाही. तुम्ही आणाल का? दर बुधवारी. आणून थोडा वेळ तुमच्याकडेच ठेवा, मी नंतर घेऊन जाईन. वकिलांना सांगायची गरज नाही."

मिस्त्रीला ते डोळ्यांपुढे दिसलं. दर बुधवारी ओल्या केसांची खारू, हाताला धरून. पण तोंडातून जे निघालं ते असं. "आदेशात बुधवार नाही."

"आदेशात हेही लिहिलंय की आपली दोघांची संमती असेल तर चालतं."

"निकाल लागू दे. मग बघू."

त्याच्या डोक्यात काय होतं, तर ही आपल्याला बुधवारचा तुकडा टाकतेय. तो उचलला तर उद्या कोर्ट म्हणेल, याचं तुकड्यावर भागतंय, अर्धे दिवस कशाला द्या? असं त्याला ना वकीलबाईंनी सांगितलं होतं, ना आणखी कोणी. हे सगळं त्याचं स्वतःचं शहाणपण. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा. पुढे सहा महिने शेजारीण खारूला आणत राहिली, आणि मग खारू एकटीच यायला शिकली.

त्याच वर्षी शाळेच्या नाटकात तिला पोस्टमनचं काम मिळालं. शनिवारी सांगायला आली तेव्हा तिने मोठ्यांदा सगळी वाक्यं म्हणून दाखवली. "तू येशील ना?"

"कधी आहे?"

"मंगळवारी."

"मंगळवार आपला नाही गं," मिस्त्री म्हणाला.

आपला नाही म्हणजे काय? शाळेच्या दारात पोलीस उभे राहणार होते का? पण नकाशात नसलेली खिडकी हा माणूस भिंतीत काढत नसे. खारूने मान डोलावली. त्यानंतर तिने शाळेतलं काही सांगणं सोडलं, आणि तिने सांगणं सोडलंय हे ध्यानात यायला मिस्त्रीला वर्ष लागलं.

इकडे तारखा पडतच होत्या. एकदा न्यायाधीशबाई रजेवर. एकदा समोरच्या वकिलांचे डोळे आले. एकदा फाईल दुसऱ्याच खोलीत गेली आणि ती सापडेपर्यंत सुट्ट्या लागल्या. मग बाईंची बदली, नवे साहेब, त्यांना सगळं पहिल्यापासून समजावणं. दर तारखेला मिस्त्री कामावर खाडा करून, धुतलेला शर्ट घालून बाकावर बसे आणि पुढची तारीख घेऊन परत येई. पावणेचार वर्षं गेली. तेवढ्यात खारूचे दुधाचे दात पडून नवे आले, ती वीतभर उंच झाली, तिला चष्मा लागला. चष्म्याची गोष्ट त्याला एका शनिवारी दार उघडल्यावर समजली.

शेवटी एकदाचं प्रकरण निकालाला आलं, आणि कोर्टाने एका समुपदेशक बाईंना दोन्ही घरं पाहून, मुलीशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. बाई एका शनिवारी वर आल्या. पन्नाशीच्या, शांत, खांद्याला पाण्याची बाटली. मिस्त्रीने खोली झाडून लख्ख केली होती. इतकी लख्ख, की तिथे कोणी राहतं असं वाटू नये.

"मुलीची जागा कुठली?" बाईंनी विचारलं.

"गादी तिची. मी खाली झोपतो."

"तिच्या वस्तू?"

"पिशवीत आहेत."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मिस्त्रीला वाटलं, आता आपलं खरं काम दाखवावं. त्याने गादीखालून एक गुंडाळी काढली आणि खुर्चीवर पसरली. पक्क्या घरातल्या खारूच्या खोलीचा नकाशा. मापं घालून, पट्टीने आखलेला. खिडकीखाली टेबल, खण असलेला पलंग, आणि भिंतीत बारीक बारीक दहा कप्पे, तिला वस्तू दडवायला. असा नकाशा काढणारा बाप मुलीवर जीव टाकतो, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनाही दिसलं. त्या बराच वेळ त्यावर वाकून पाहत होत्या.

"छान आहे हो. कधी काढलात?"

"पहिल्या वर्षीच. निकाल लागला की करायला घेणार."

"पलंग साडेचार फूट?"

मिस्त्रीने मापाकडे पाहिलं, मग खिडकीशी उभ्या असलेल्या खारूकडे. पोरगी साडेचार फुटांना टेकली होती. त्या पलंगावर आता तिची टाच एका टोकाला आणि डोकं दुसऱ्या टोकाला लागलं असतं. मापात कधी न चुकलेला माणूस, पण पोर वाढते हेच मापात धरायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. त्याने कागद हळूहळू गुंडाळला. बाई म्हणाल्या, "मी जरा हिच्याशी बोलते," आणि तो जिन्यात जाऊन बसला. खाली काच कापली जात होती, त्यामुळे आतलं काही ऐकू आलं नाही.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. घटस्फोट मंजूर. मुलीबद्दल साहेबांनी वाचलं ते असं, की गेली पावणेचार वर्षं मुलगी सध्याच्या व्यवस्थेत रुळली आहे, शाळा, मैत्रिणी, दिनक्रम सगळं आईच्या घराभोवती आहे, वडील आदेशाचं काटेकोर पालन करतात ही समाधानाची बाब आहे, पण ही घडी मोडावी असं कारण दिसत नाही. सबब अंतरिम आदेशातली व्यवस्था कायम करण्यात येते.

"म्हणजे काय?" मिस्त्रीने वकीलबाईंना विचारलं.

"म्हणजे जसं चाललंय तसंच."

"पण ते तर तात्पुरतं होतं."

वकीलबाई म्हणाल्या, "तात्पुरतं होतं, मिस्त्री. पण मूल वाढलं ते त्यातच."

हे त्याला कोणी शिकवायला हवं होतं का? साचा चार दिवसांचा, तरी त्याच्या फळीवरची प्रत्येक गाठ स्लॅबवर जन्मभरासाठी उठते, हे सांगत त्याची पंचवीस वर्षं गेली होती. एक टेकू सैल ठेवला म्हणून त्याने माणसांना कामावरून घरी पाठवलं होतं. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी सगळेच टेकू सैल. हे त्याला त्या व्हरांड्यात, धुतलेल्या शर्टात, एकदम समजलं, आणि तो बाकावर जाऊन बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. आता बायको म्हणायचीही सोय नव्हती. तिचे डोळे लाल होते. जिंकलेल्या माणसासारखी ती मुळीच दिसत नव्हती.

"मी कोर्टाला सांगणार होते," ती म्हणाली, "की अर्धे दिवस द्या म्हणून. एकटीने मला झेपत नव्हतं. पण तुम्हाला खरंच हवेत की नुसतं माझ्याशी भांडायचंय, हेच मला कळेना. त्या बुधवारांना एकदा हो म्हणाला असतात तर."

मिस्त्रीने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे या वेळी त्यालाही सांगता आलं नसतं.

जाताना वकीलबाईंनी समुपदेशक बाईंच्या अहवालाची प्रत त्याच्या हातात दिली. घरी येऊन त्याने ती वाचली. बरंचसं त्याच्या बाजूचंच होतं. वडील मायाळू आहेत, निर्व्यसनी आहेत, वेळ पाळतात. शेवटी खारूचं बोलणं तिच्याच शब्दांत दिलं होतं. "मला बाबांकडे आवडतं. ते खूप लाड करतात. पाहुणी म्हणून जायला तर ते घर एकदम छान आहे. पण राहायचं म्हणजे आमच्या घरी."

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दोन आठवड्यांत मिस्त्रीने कामावर सुट्टी टाकून खोलीला हात घातला. पूर्ण लांबीचा पलंग केला, खण लावले, खिडकीशी टेबल बसवलं, भिंतीत कप्पे केले. ताई येऊन बघून गेली. बैल गेला आणि झोपा केला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण भावाचं तोंड पाहून तिने ते गिळलं आणि गादीला नवी खोळ घालून दिली.

शनिवारी दहाला खारू आली. तिने सगळं पाहिलं, पलंगावर बसून पाहिलं, कप्प्यांवरून बोट फिरवलं. "बाबा, किती सुंदर केलंयस," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग तिने पिशवी टेबलाच्या पायाशी नीट उभी करून ठेवली. मिस्त्री खुर्चीवर बसून बघत होता. थोड्या वेळाने ती शेगडीपाशी गेली, पालथं घातलेलं भांडं उचललं आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, पाणी घेऊ का?"

"अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे."

"हो," ती म्हणाली. आणि हसली, आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

मिस्त्री उठला आणि त्याने तिला पाणी भरून दिलं.